गणपतीत वाचायची कथा आणि माळ्यावरच्या पोचपावत्या

पत्राचा सारांश

पत्र लिहिणाऱ्या ताई पुण्यात राहतात. चाळिशीला टेकल्या आहेत, नोकरी करतात आणि काही वर्षांपासून कथाही लिहितात. मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका गावात. गौरी-गणपतीला मुंबई-पुणे-बडोद्याहून सगळे तिथे जमतात, वीस-बावीस पानं उठतात. धाकटे काका १९८१ साली, चोविसाव्या वर्षी, खाडीत बुडून गेले, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या. गेल्या वर्षी मखराचं सामान काढायला त्या माळ्यावर चढल्या, तर आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या पंचांगांखाली, मनीऑर्डरच्या तीसेक पोचपावत्या निघाल्या. १९८३ ते १९९६ या काळातल्या. पैसे पाठवलेले काकांच्याच नावे, ‘द्वारा अधीक्षक’, एका सरकारी मनोरुग्णालयाच्या पत्त्यावर. सुरुवातीच्या पावत्यांवर काकांची सही आहे, नंतरच्यांवर नुसता कार्यालयाचा शिक्का.

आजोबा १९८९ मध्ये गेले, आजी १९९७ मध्ये. थोरले काका, वडील आणि आत्या हयात आहेत. ताईंनी त्यांच्यापैकी कोणालाही काही विचारलेलं नाही. त्यांनी एक मानसशास्त्रीय रहस्यकथा लिहिली. गौरीविसर्जनाच्या रात्री कडक स्वभावाचा बाप आपल्या ‘वेड्या’ मुलाला होडीतून ढकलतो आणि अख्खं घर चाळीस वर्षं गप्प बसतं, अशी ती कथा. एका दिवाळी अंकाने ती स्वीकारली आहे आणि गणपती झाले की अंक छपाईला जाईल. ताईंचा बेत असा, की गौरी जागवायला सगळे पडवीत बसले की ही कथा मोठ्याने वाचायची आणि कोणाचा चेहरा कुठे बदलतो ते पाहायचं. नवरा म्हणतो, ‘जुनी मढी उकरू नकोस.’ ताई विचारतात: कथा घरात वाचू का? आणि कोणाला न विचारता छापू का? पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्याही खाली, एक ओळ आहे: ‘माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. तो फार एकटा एकटा असतो.’

उत्तर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते: वाचू नका. गौरीच्या रात्री तर नाहीच.

तुमच्या कथेतल्या नायिकेला चेहरे वाचता येतात, कारण ते चेहरे तुम्हीच लिहिलेत. पडवीतले चेहरे तुमच्या ताब्यात नसतील. ती रात्र डोळ्यांसमोर आणा. घरातल्या बायका पहाटेपासून घावन-घाटल्याच्या मागे, दुपारी ओवसे, संध्याकाळी आरत्या. रात्री दहाला तुम्ही कागद काढणार. तुमचे बाबा तिसऱ्या पानाला डुलकी घेणार. आत्या मध्येच उठून चहा टाकायला जाणार. होडीचा प्रसंग येईल तेव्हा थोरले काका कदाचित खाकरतील. आता आत्या उठल्या त्या चहासाठी की ऐकवेना म्हणून? काका खाकरले ते कफाने की भीतीने? कोणाच्या डोळ्यांत पाणी आलंच, तर ते अपराधाचं की पंचेचाळीस वर्षं गिळलेल्या दुःखाचं? तुम्ही आधीच ठरवून आलेलं उत्तर तेवढं तुम्हाला तिथे सापडेल.

हे मी नुसतं तर्काने म्हणत नाही. माणूस खोटं बोलतोय का, हे नुसतं पाहून-ऐकून कितपत ओळखता येतं, यावरचे दोनशेहून अधिक अभ्यास चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या अमेरिकी संशोधकांनी २००६ साली एकत्र तपासले. अचूक ओळखण्याचं सरासरी प्रमाण निघालं ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आलं असतं. शिवाय ते लोक परक्या माणसांकडे कोऱ्या मनाने पाहत होते. तुम्ही स्वतःच्या बापाकडे पाहणार आहात, तेही मनात खटला उभा करून.

बरं, त्या पडवीत नुसते ‘संशयित’ नसतात. चुलतभावाची नवी बायको असते, नववी-दहावीतली पोरं असतात, शेजारचे भजनाला आलेले असतात. त्यांच्यादेखत सत्तरी-पंचाहत्तरीच्या तीन भावंडांच्या छातीवरचा दगड ओढून काढायचा, याला मी सत्याचा शोध म्हणणार नाही. एकदा असं झालं की पुढची दहा वर्षं त्या घरात या विषयावर कोणी तोंड उघडणार नाही. तुम्हाला तर ती तोंडं उघडायला हवी आहेत.

आता मला पत्रातली खरी अडचण वाटते तिच्याकडे येते. तुम्ही आठ पानं लिहिलीत. आजोबा किती कडक होते, बाबा विषय कसा टाळतात, आत्यांचं लग्न नेमकं १९८२ मध्ये कसं उरकलं गेलं, हे सगळं त्यात आहे. दिवाळी अंकाचे संपादक काय म्हणाले तेही आहे. मात्र १९९६ नंतर काकांचं काय झालं, हा प्रश्न आठ पानांत एकदाही नाही.

पावत्या तुम्हाला सांगत होत्या की १९८१ मध्ये बुडालेला माणूस १९८४ मध्ये सही करत होता. तुम्ही मात्र त्याला कथेत पुन्हा खाडीत बुडवलंत. लेखक म्हणून तो तुमचा अधिकार आहे, मान्य. पण पुतणी म्हणून? काका १९८१ मध्ये चोवीस वर्षांचे होते, म्हणजे आज असतील तर सत्तरीच्या आसपासचे. पावत्या १९९६ मध्ये थांबल्या यावरून तुम्ही बहुधा मनाशी धरलं, की काका तेव्हाच गेले. मला त्यात एवढंच दिसतं, की पाठवणारी पुढच्या वर्षी गेली.

तुम्ही दोन पावत्यांचे फोटो पाठवलेत, ते मी मोठे करून पाहिले. पहिली १९८४ची. रक्कम तीस रुपये. खाली निळ्या शाईत काकांची सही, आडनावाच्या शेवटच्या अक्षराला झोकदार फाटा, कॉलेजातल्या पोरांची असते तशी. संदेशाच्या चिमुकल्या जागेत पाठवणाऱ्याने लिहिलंय, ‘प्रकृतीस जपावे. गणपती झाले. सर्व खुशाल.’ दुसरी १९९३ची. रक्कम पन्नास. सहीच्या जागी जांभळा शिक्का आणि कोणाची तरी आद्याक्षरं. संदेशाची जागा रिकामी.

आजींना पोथी वाचता यायची पण लिहिता येत नव्हतं, हे तुमच्याच पत्रात आहे. मग ‘सर्व खुशाल’ हे अक्षर कोणाचं? पोचेचा तो तुकडा मनीऑर्डरच्या फॉर्मचाच भाग असायचा आणि पाठवणारा तो भरायचा, म्हणजे घरातल्या लिहित्या माणसाचा हात त्यावर असणार. घरातला रुपयान् रुपया आजोबांच्या हातून जायचा, हेही तुम्हीच लिहिलंय. मग दर पाच-सहा महिन्यांनी तीस रुपये त्यांच्या नकळत गेले कसे? कदाचित तेच देत असतील. कदाचित अक्षरही त्यांचंच असेल.

किंवा गावच्या पोस्टमास्तरांचं. त्या काळी अर्ध्या गावाचे फॉर्म तेच भरून द्यायचे. सहीच्या जागी शिक्का आला याचंही तसंच. काकांचा हात चालत नसेल, किंवा कार्यालयाने पैसे परस्पर जमा करण्याची पद्धत पाडली असेल. बघा, चार ओळींत मीही एक कथा रचली आणि चार ओळींत मोडली. पावत्या एवढंच सिद्ध करतात, की या घरातून त्या पत्त्यावर तेरा वर्षं पैसे गेले. पुढचं सगळं माणसांना विचारावं लागेल.

कथेत तुम्ही आजोबांना खलनायक केलंत. त्या आधी १९८१ सालचा रत्नागिरी जिल्हा डोळ्यांपुढे आणा. मी कोणाला निर्दोष ठरवत नाही. जिवंत मुलगा मेला म्हणून सांगणं ही भयंकर गोष्ट आहे आणि ती काकांवर झाली, तुमच्यावर नव्हे. पण तेव्हा लागू होता १९१२चा ल्युनसी ॲक्ट, म्हणजे मनोरुग्णांना रुग्णालयात ठेवण्याबद्दलचा जुना कायदा. घरच्यांनी अर्ज करायचा, डॉक्टरांचे दोन दाखले जोडायचे, मॅजिस्ट्रेटने हुकूम काढायचा, असा तो मार्ग. १९८७चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्ष अमलात यायला १९९३ उजाडलं. जिल्हा पातळीवर मानसोपचार पोचवण्याचा केंद्र सरकारचा कार्यक्रम सुरू झाला १९९६ मध्ये, तोही आधी मोजक्याच जिल्ह्यांत. मधल्या काळात खाडीकाठच्या गावात मुलगा रात्री-अपरात्री ओरडत सुटला, तर घरच्यांपुढे देवऋषी, कोंडून ठेवणं आणि ते लांबचं रुग्णालय याखेरीज फारसं काही नव्हतं. फिट येणाऱ्यांनाही तेव्हा तिथेच नेऊन सोडत. काकांना नेमकं काय झालं होतं, हे तुम्हाला ठाऊक नाही. कथेत मात्र त्यांना ‘वेडा’ म्हणून मोकळ्या झालात.

त्यात लग्नाची बहीण घरात. आत्यांचं लग्न १९८२ मध्ये झालं, हे तुम्ही संशयाचा मुद्दा म्हणून लिहिलंत. मला ते बहुधा कारणच वाटतं. ‘भाऊ वेड्यांच्या इस्पितळात आहे’ हे वाक्य तेव्हा स्थळ मोडायला पुरेसं होतं. (आजही आहे. विवाहमंडळांच्या फॉर्मात ‘घराण्यात आजार’ हा रकाना कसा भरला जातो, हे आपण सगळे जाणतो.) तसं असेल तर आत्या गेली चव्वेचाळीस वर्षं हे ओझं वागवताहेत, की आपला संसार उभा राहावा म्हणून भावाला मेलेला ठरवलं गेलं. त्यांच्यासमोर तुम्ही ती होडीची कथा वाचणार होतात.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओघात येऊन गेलंय, ज्यावर तुम्ही स्वतः थांबला नाहीत. ‘आजी असेपर्यंत काकांचं पान कधी वाढलं नाही, ती म्हणायची माझ्यामागे काय ते करा.’ पितृपक्षात घरातल्या सगळ्या गेलेल्यांची पानं वाढली जातात आणि चोविसाव्या वर्षी बुडालेल्या पोराचं पान सोळा वर्षं वाढलं जात नाही, हे पाहणाऱ्या माणसांना काय कळलं नसेल? मला वाटतं घरातल्या मोठ्यांना, निदान बायकांना, सगळं माहीत होतं. तुम्ही याला चाळीस वर्षांचा कट म्हणता. आजींनी जिवंत मुलाचं श्राद्ध होऊ दिलं नाही आणि पावत्या जाळल्या नाहीत, पंचांगांखाली जपून ठेवल्या. त्यांच्या हातात जेवढं होतं तेवढं खरं त्यांनी राखलं.

आणि यातूनच तुम्हाला विचारायचा प्रश्न मिळतो. आजींच्या मागे काकांचं पान वाढायला सुरुवात झाली का? झाली असेल तर कोणत्या तिथीला? पितृपक्षात सहसा ज्याचं त्याचं श्राद्ध त्याच्या मृत्युतिथीला करतात. काका गौरीविसर्जनाच्या सुमारास बुडाले असं सांगतात, म्हणजे भाद्रपद शुद्ध अष्टमी-नवमीच्या आसपासची तिथी. घरात जर त्यांचं श्राद्ध दुसऱ्याच कुठल्या तिथीला, समजा षष्ठीला किंवा द्वादशीला होत असेल, तर ती तिथी कुठून तरी कळलेली आहे. सर्वपित्री अमावास्येला करत असतील, तर बहुधा कोणालाच माहीत नाही. आणि अजूनही करत नसतील, तर तुमच्या बाबांना काहीतरी ठाऊक आहे, किंवा कुठेतरी आशा आहे.

‘आत्या, काकांची तिथी कोणती गं?’ एवढंच विचारा. आरोप नाही, उलटतपासणी नाही. घरातल्या लेकीने विचारावा असा साधा प्रश्न आहे. पुढचं बोलायचं की ‘बघते पंचांगात’ म्हणून टाळायचं, हे त्यांना ठरवता येईल.

मी आत्यांपासून सुरुवात करायला सांगते, कारण तुमच्या पत्रात फक्त त्यांच्याबद्दल एक मायेचं वाक्य आहे. गणपतीच्या आधी एखादा दिवस काढून त्यांच्याकडे जा. एकट्या जा, नवऱ्यालाही नेऊ नका. पावत्या पर्समध्ये असू द्या, पण पहिल्या तासात बाहेर काढू नका. पुरावा टेबलावर ठेवला की समोरचं माणूस पुराव्याशी बोलायला लागतं. त्या रडल्या तर पाणी द्या, पुढचा प्रश्न विचारू नका. ‘मला काही आठवत नाही’ म्हणाल्या तर ‘बरं, आठवेल तेव्हा सांग’ म्हणून उठा. आणि हे जरूर सांगा, की मला आजोबांना दोष द्यायचा नाही, काकांचं काय झालं तेवढं जाणून घ्यायचंय. हे वाक्य खरं असेल तरच म्हणा. म्हणूनच आधी कथा बाजूला ठेवायला हवी.

बाबांशी बोलायचं ते नंतर, आणि शक्यतो आत्यांच्या सल्ल्याने. धाकट्या भावाला पोचवायला कोण गेलं होतं, हे आपल्याला माहीत नाही. आजोबांबरोबर तुमचे बाबाच गेले असतील, तर तो प्रवास त्यांनी आयुष्यभर मनातल्या मनात हजारदा केला असेल. त्यांना ‘तुम्ही का लपवलंत’ असं विचारलंत तर ते उठून जातील. ‘त्यांना भेटायला शेवटचं कोण गेलं होतं?’ असं विचारलंत तर कदाचित बसतील.

दरम्यान कागदपत्रांची बाजू. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत: पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. पत्ता तुमच्याकडे आहे, फोन करून मोकळं व्हावंसं वाटेल. पण पुतणीला फोनवर ते काही सांगणार नाहीत आणि सांगूही नये. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २०१८पासून अमलात आहे, गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानलाय. सख्ख्या भावाने किंवा बहिणीने वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज करायचा, नातं दाखवणारी कागदपत्रं आणि एखाद्या पावतीची प्रत जोडायची आणि प्रत्यक्ष जाऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटायचं. जुनी रजिस्टरं शोधायला वेळ लागतो, एका भेटीत काम होईल असं धरू नका. काका तिथेच वारले असतील, तर मृत्यूची नोंद तुमच्या गावात सापडणार नाही. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार ती जिथे मृत्यू झाला तिथल्या नगरपालिकेकडे किंवा महापालिकेकडे होते. अंदाजे वर्ष दिलं तर शोध घेता येतो.

आणि काका जिवंत असतील तर? ही शक्यता मी मुद्दाम लिहिते, कारण तुमच्या घरात ती कोणी उच्चारली नसावी. बरे झालेले, पण न्यायला कोणी आलंच नाही म्हणून वर्षानुवर्षं रुग्णालयात राहिलेले लोक या देशात इतके आहेत, की त्यांचा प्रश्न २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे होता. आताचा कायदा सांगतो, की घर नाही किंवा घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. त्यामुळे काकांना दुसऱ्या एखाद्या संस्थेत हलवलेलंही असू शकतं. तसं निघालं तर त्यांना थेट गणपतीला गावी आणून सगळ्यांसमोर उभं करण्याचा मोह आवरा. सत्तरीच्या माणसाला पंचेचाळीस वर्षांनी त्या पडवीत यायचंय का, हे आधी त्यांनाच विचारायला हवं.

जमिनीचा विषय तुमच्या पत्रात नाही, पण अशा पत्रांत तो हमखास नंतर निघतो, म्हणून आताच बोलते. सातबारावर काकांचं नाव कसं आणि कोणत्या फेरफाराने कमी झालं, हे कधीतरी पाहावं लागेल. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार आजारामुळे कोणाचा वारसाहक्क जात नाही. मात्र हा कागद आत्यांशी बोलण्याआधी काढू नका. तलाठ्याकडे गेलात की संध्याकाळपर्यंत गावभर होतं आणि मग तुम्ही काकांसाठी विचारताय यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. काका हयात निघाले तर वकील गाठा. तेव्हा तो त्यांच्या हक्काचा प्रश्न असेल.

आता तुमच्या सहीखालची ओळ.

मला वाटतं पत्राचं खरं कारण तीच आहे. ‘हे रक्तात असतं का?’ हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो त्या ओळीत आहे. काकांचा आजार कोणता होता हेच माहीत नसल्याने नेमकं उत्तर कोणी देऊ शकणार नाही. तरी वाईटातलं वाईट धरून, म्हणजे स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) धरून बोलू. सर्वसाधारण लोकांत आयुष्यभरात तो होण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून थोडं कमी. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर मुलांत शंभरात दहाच्या आसपास. नातं लांबत जातं तसा धोका झपाट्याने उतरतो. आईच्या काकांपर्यंत येता येता तो सर्वसाधारण प्रमाणाच्या बराच जवळ येतो. तुमच्यात किंवा तुमच्या बाबांमध्ये कसलीही लक्षणं नाहीत, ही मुलाच्या दृष्टीने काकांच्या आजारापेक्षा कितीतरी महत्त्वाची गोष्ट आहे.

चौदाव्या वर्षी एकटं एकटं राहणं हे बहुतेक वेळा चौदावं वर्षच असतं. झोप पार उलटीपालटी झाली, शाळेतले गुण आणि मित्र दोन्ही एकदम तुटले, कोणीतरी मागावर आहे किंवा नाव घेऊन हाक मारतंय असं तो म्हणाला, स्वतःला इजा करण्याबद्दल बोलला, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. एरवी त्याच्याकडे काकांचा पुढचा भाग म्हणून पाहू नका. तुम्ही वर्षभर एक गुपित उराशी धरून, जागत, कथा लिहीत घरात वावरताय आणि त्याला ते जाणवत नसेल असं मला वाटत नाही. झोप येत नाही असं तुम्हीही लिहिलंय. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. मुलासाठी म्हणून नको, आधी स्वतःसाठी लावा.

राहिली कथा. घरच्यांची परवानगी घेऊनच लिहायचं असं मी कोणत्याच लेखकाला सांगणार नाही. तसं असतं तर ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढल्यापासून आजवर निम्मी मराठी कथा छापलीच गेली नसती. तुमच्या घरातलं मौन तुमच्याही वाट्याला आलंय, तेवढ्यावर तुमचा हक्क आहे. पण या घडीला ही कथा छापू नका, असं मी म्हणते, आणि त्यात घराची अब्रू हा मुद्दा शेवटचा. तुम्ही आजोबांच्या हातून खून करवलाय. गावचं नाव बदललंत तरी खाडी, तीन भावंडं, गौरीची रात्र, १९८१ हे सगळं तसंच आहे. तुमच्या आडनावाची कथा दिवाळीत गावच्या वाचनालयात पोचली की पहिल्या दुपारीच ओळख पटेल. भारतीय न्यायसंहितेतही मृत व्यक्तीवर केलेला आरोप बदनामी ठरू शकतो, जर जिवंतपणी त्याने तिच्या लौकिकाला धक्का लागला असता आणि हेतू घरच्यांना दुखावण्याचा असेल तर. तुमचे नातलग कोर्टात जातील असं मला वाटत नाही. पण चेहरे बदललेले पाहायला म्हणून जी कथा वाचायची होती, तिच्यामागे दुखावण्याचा हेतू मुळीच नव्हता, हे तुम्ही स्वतःला पटवून देऊ शकाल का?

शिवाय, कथाकार म्हणूनही थोडं कडू बोलते. बापाने मुलाला ढकललं हा शेवट मी आधी शंभरदा वाचलाय. लिहिता न येणारी बाई, मेलेला म्हणून जाहीर केलेल्या मुलाला तेरा वर्षं पैसे धाडते आणि कोणाकडून तरी ‘गणपती झाले’ एवढं कळवून घेते, हे मी कुठे वाचलेलं नाही.

संपादकांना आजच मेल करा. कथेचा आधार असलेल्या घटनेबद्दल नवी माहिती मिळते आहे, त्यामुळे ती या अंकासाठी मागे घेते, जमल्यास पुढच्या वर्षी नव्याने पाठवीन, एवढं पुरे. कारण उकलून सांगू नका, फोनवर तर मुळीच नाही. गणपतीआधी कळवलंत तर त्यांना त्या पानांवर दुसरी कथा घेता येईल. रोज एवढं साहित्य हातावेगळं करणाऱ्यांना हे नवीन नसतं. ते चिडलेच, तर चिडू द्या.

अशीच ट्रंक ज्यांच्या हाती लागली आहे त्या इतर वाचकांसाठीही हेच सांगणं आहे. तुम्ही कथा लिहीत नसाल, पण कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच. त्यावर असल्या कागदांचे फोटो टाकून ‘हे काय आहे?’ विचारणं म्हणजे पडवीत कथा वाचण्यासारखंच. आधी एक माणूस निवडा, त्याच्याशी समोर बसून बोला. कागद मूळ जागेवरून हलवलेत तर कुठे काय होतं ते लिहून ठेवा.

तुमच्या पावत्या सध्या पुण्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत, असं लिहिलंय. त्यातून काढा, दमट राहिल्या की शाई फुटते. साध्या कागदी पाकिटात, वर्षांच्या क्रमाने लावून ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आत्यांकडे जाताना १९८४ची ती एक सोबत घ्या. बाकीच्या घरीच असू द्या.